पेठेत राहायला यायचंय? मग गल्ली, मजला आणि खिडकी आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुमचं ऑफिस लक्ष्मी रोडला, मिस्टरांचं खराडीला, मुलगी यंदा पाचवीत, सासूबाई सत्तरीच्या, सध्या बाणेरला भाड्याने राहताय आणि आता पुण्यात पार मध्यात, सदाशिव नाहीतर नारायण पेठेत टू बीएचके बघताय, पण नातेवाईक म्हणतायत की वेड लागलंय का, ट्रॅफिक आणि आवाजाने जीव जाईल. तर जमेल का. मी पेठांमध्ये घरं भाड्याने आणि विकत द्यायचं काम करते, वीसेक वर्षं तरी झाली असतील, राहते पण इथेच, त्यामुळे उत्तर एजंट बाईचं आहे हे धरूनच वाचा. पण तुम्ही काही माझं गिऱ्हाईक नाही, त्यामुळे जे आहे ते सांगते.

जमेल. फक्त मिस्टर पहिलं वर्षभर कुरकुर करतील.

कारण असं आहे की पेठेतलं घर हे घरातल्या चालणाऱ्या माणसांसाठी असतं, गाडी चालवणाऱ्यांसाठी नसतं. तुमच्या घरात चालणारी माणसं तीन आणि गाडीवाला एक, म्हणजे हिशोब तुमच्या बाजूने आहे. उलटी केस असली, म्हणजे नवराबायको दोघंही रोज चारचाकीने हिंजवडीला जाणारे, मूल तान्हं, घरात म्हातारं माणूस नाही, तर मी स्वतःच सांगते की बाबांनो नका येऊ, कर्वेनगर बघा, सिंहगड रोड बघा, इथे आलात तर सहा महिन्यात डिपॉझिट परत मागायला माझ्याच दारात याल.

सासूबाईंपासून सुरू करते कारण माझ्या अनुभवात पेठेचा सगळ्यात जास्त फायदा त्या वयाच्या माणसांना होतो आणि घर बघताना नेमकं त्यांनाच कोणी विचारत नाही. बाणेरच्या टॉवरमध्ये त्या अकराव्या मजल्यावर बसून असतील, खाली उतरलं तरी सोसायटीच्या बागेत चार फेऱ्या आणि परत वर, भाजी ॲपवरून, औषधं ॲपवरून, देवळात जायचं तर रविवारी कोणी गाडी काढली तर. इथे काय होतं, सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडलं की दहा मिनिटांत मंडई, येताना फुलवाल्याकडे पुडी, वाटेत एखाद्या मारुतीला नाहीतर विठोबाला हात जोडणं (आमच्याकडे देवांची नावंच अशी आहेत की पत्ता सांगायला सोपं जातं, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, भिकारदास मारुती, चिमण्या गणपती, रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की बास), मग औषधाचं दुकान, तिथला माणूस नावाने ओळखतो, डॉक्टर दोन इमारती सोडून पहिल्या मजल्यावर. दुपारी टिळक स्मारकला नाहीतर भरत नाट्य मंदिरात काहीतरी असतंच, पुणे नगर वाचन मंदिर लक्ष्मी रोडवरच आहे, १८४८ पासूनचं. हे सगळं कोणाला "मला सोड रे जरा" न म्हणता होतं, आणि त्या वयात कोणाला असं म्हणावं न लागणं ही फार मोठी गोष्ट आहे. मी कितीतरी घरांत बघितलंय की सुनेचं आणि सासूचं निम्मं भांडण हे कोणी कुणाला कुठे सोडायचं यावरूनच असतं.

पण फुटपाथ वाईट आहेत. कुठे उंच, कुठे गायब, कुठे त्यावरच स्टॉल, कुठे फरशी हलते. गुडघे दुखत असतील तर हा विचार करा. आणि लिफ्ट. पेठेतल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच इमारती तळमजला अधिक तीन असतात आणि लिफ्ट नाही. नवीन रिडेव्हलपमेंटच्या इमारतींत लिफ्ट असते पण कधीकधी इतकी छोटी की चार माणसं उभी राहिली की दार लागताना पोटं आत घ्यावी लागतात, स्ट्रेचर आडवं जाणं तर शक्यच नाही. फ्लॅट बघायला गेलात की मी सांगते तसं करा, लिफ्टच्या आत उभं राहून बघा की एखाद्या माणसाला खुर्चीत बसवून खाली नेता येईल का, आणि खाली आल्यावर अँब्युलन्स दारापर्यंत येईल का की बोळाच्या तोंडाशीच थांबेल. बोळाच्या तोंडाशी थांबणार असेल आणि तिथून घर पन्नास पावलांवर असेल तर ठीक आहे, त्यापेक्षा आत असेल तर सासूबाईंसाठी ते घर सोडून द्या, भले कितीही छान असू दे. अग्निशमनची गाडी आत येईल का हेही त्याच वेळी बघून घ्या.

मुलीचं सांगायचं तर पाचवी म्हणजे अगदी योग्य वय. हुजूरपागा, अहिल्यादेवी, रमणबाग, नूमवि, ज्ञान प्रबोधिनी, सगळं चालत. मी प्रवेश मिळेल असं म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही बघा, पण शाळा, क्लास, पेटी-तबला, आप्पा बळवंत चौकात जाऊन स्वतः वह्या-पुस्तकं आणणं हे मूल वर्षभरात एकटं करायला लागतं. बाणेरची बारा-तेरा वर्षांची मुलं रस्ता ओलांडायला बिचकतात, इथली त्याच वयाची मुलं गर्दीतनं सायकल काढतात. आणि संध्याकाळी उशिरा क्लासवरून एकटी मुलगी येते तेव्हा रस्त्यावर माणसं असतात, दुकानं उघडी असतात, मेसमधली पोरं ताट घेऊन उभी असतात, ओळखीचा कोणीतरी बघतच असतो. कधीकधी जरा जास्तच बघतो. तुमची मुलगी अठराची झाली की तिला हे बघणं नको वाटेल, ते तेव्हाचं तेव्हा.

खेळायला जागा मात्र नाही. सोसायटीला ग्राउंड नाही, क्लब हाऊस नाही, स्विमिंग पूल तर सोडाच, खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळलं की तळमजल्यावरचे काका बाहेर येणार. सारसबाग, एसपी कॉलेजचं ग्राउंड, नाहीतर एखादी तालीम किंवा क्लब बघावा लागतो आणि तिथे नेणं-आणणं आलंच.

आता मिस्टरांची गाडी. हा खरा दुखरा भाग आहे आणि एजंट लोक इथेच गुळमुळीत बोलतात. तुम्हाला "पार्किंग आहे" असं सांगितलं जाईल. त्याचा अर्थ पेठेत किमान चार प्रकारचा असतो. एक, कव्हर्ड पार्किंग खरंच तुमच्या नावावर आहे आणि गाडी सरळ आत-बाहेर येते, हे दुर्मिळ. दोन, पार्किंग आहे पण तुमच्यापुढे कोणाची तरी गाडी उभी असते आणि सकाळी आठला त्यांची बेल वाजवून किल्ली मागायची, हे सर्रास. तीन, मेकॅनिकल स्टॅक पार्किंग, म्हणजे गाडी प्लेटवर चढवून वर उचलायची, याच्यात आधी विचारायचं की प्लेटची उंची किती आणि वजन किती घेते, कारण एसयूव्ही बऱ्याच ठिकाणी बसतच नाही, शिवाय लाइट गेली की जनरेटर ते यंत्र उचलतो का, मेंटेनन्सचं काँट्रॅक्ट चालू आहे की संपलंय. चार, "टू-व्हीलरला पार्किंग आहे, गाडी काय समोर लागते की", हे म्हणजे पार्किंग नाही. समोर म्हणजे सम-विषम तारखेची बाजू बदलायची, रात्री बाराला आठवण झाली तर नाइट ड्रेसवर खाली जायचं, आणि सकाळी टेम्पोवाल्याने आरसा उडवलेला असणार. दारावर "येथे गाडी लावू नये" अशी पाटी लावून काहीही होत नाही, आमच्या पाट्या लोक वाचायला येतात, पाळायला नाही.

बरेच लोक नदीपात्रात गाडी लावून येतात. पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं की आधी भिडे पूल पाण्याखाली जातो आणि मग पात्रातल्या गाड्या, महापालिका भोंगे लावून गाड्या काढा म्हणून ओरडत असते आणि दरवर्षी कोणीतरी झोपलेलं असतंच. मंडईजवळ महापालिकेची पार्किंगं आहेत, पण रोज तिथे लावून घरी चालत यायचं म्हणजे मग गाडी कशाला. आणि अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून सांगते, मंडई आणि जुन्या वाड्यांच्या आसपास उंदीर-घुशी भरपूर, दोन आठवडे गाडी हलवली नाही तर बॉनेटखालच्या वायरी कुरतडून ठेवतात.

त्यामुळे मी मिस्टरांना सांगेन की गाडी विकायची नसेल तर राहू दे, पण रोजचं खराडी मेट्रोने करा. स्वारगेट ते जिल्हा न्यायालय हा भुयारी भाग २९ सप्टेंबर २०२४ ला चालू झाला आणि त्यात मंडई आणि कसबा पेठ अशी दोन स्टेशनं आपल्याला मिळाली. मंडईला बसायचं, जिल्हा न्यायालयाला उतरून वनाझ-रामवाडी लाइन पकडायची, रामवाडीला उतरायचं, तिथून बस किंवा रिक्षा. जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्टेशन जवळजवळ ३३ मीटर खोल आहे, म्हणजे एस्केलेटरवर उभं राहूनच एक फोन कॉल होतो, तो वेळ धरा. नारायण पेठेच्या नदीकडच्या टोकाला घर मिळालं तर डेक्कन किंवा छत्रपती संभाजी उद्यान स्टेशन चालत पडतं आणि मग लाइन बदलायची भानगडच नाही, थेट रामवाडी. तुमच्या केसमध्ये मी याच कारणासाठी सदाशिवपेक्षा नारायण पेठ आधी बघेन. शेवटचा रामवाडी ते खराडी हा तुकडा कंटाळवाणा आहे, तो गोड करून सांगता येणार नाही. पण बाणेर ते खराडी रोज गाडीने करणारा माणूस हे ऐकून नाक मुरडणार नाही असं वाटतं.

आवाजाबद्दल सगळे एकच वाक्य बोलतात, "फार आवाज असतो". मला हे वाक्य आवडत नाही कारण पेठेत आवाज गल्लीगणिक बदलतो. लक्ष्मी रोडच्या तोंडाशी दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि त्याच इमारतीच्या मागच्या बाजूचा फ्लॅट ही दोन वेगळी गावं आहेत. पुढच्यात बसची घरघर, हॉर्न, दुकानाचं शटर, दिवाळीच्या आधी माइकवरून चाललेल्या जाहिराती. मागच्यात कुकरच्या शिट्ट्या आणि कोणाचा तरी रियाज. माझा नियम असा की बेडरूमची खिडकी कुठे उघडते एवढं बघा, हॉल रस्त्यावर असला तर चालतं. आणि खिडकीतून खाली बघा काय काय आहे. मंगल कार्यालय असेल तर लग्नसराईत वरात. वडापावची गाडी असेल तर तेलाचा वास थेट कपाटातल्या कपड्यांपर्यंत. देऊळ असेल तर पहाटे काकड आरती, ती काहींना आवडते. अभ्यासिका असेल तर रात्री बारा-एकपर्यंत खाली चहा आणि एमपीएससीच्या चर्चा. कचऱ्याची पेटी किंवा घंटागाडीची जागा असेल तर पहाटेची झोप विसरा. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा, पण मुख्य रस्त्याच्या खिडकीत मोबाइलवर ॲप लावून बघा, दिवसा तो आकडा किती वर असतो ते तुमचं तुम्हालाच कळेल.

हे तपासायला घर दुपारी बघू नका. एजंट मुद्दाम दुपारी एक ते चारच्या मधली वेळ देतो कारण तेव्हा पेठ झोपलेली असते, उजेड पण बरा असतो, तुम्हाला वाटतं अरे किती शांत. मी माझ्या ओळखीच्यांना शनिवारी संध्याकाळी सातला बोलावते आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. संध्याकाळी रस्ता कळतो, सकाळी पाणी कळतं. नळ सोडून बघा, वरच्या मजल्यावर प्रेशर कसं आहे, टाकी किती, पाणी कधी चढवतात. पाण्याच्या बाबतीत पेठा सुखी आहेत, महापालिकेचं पाणी येतं, टँकरच्या बिलावरून सोसायटीत भांडणं ही भानगड इथे नाही, तुम्ही बाणेरहून येताय म्हणजे मी याच्यावर जास्त बोलायला नको. पण इमारतीची जमिनीखालची टाकी जुनी असेल तर ती शेवटची कधी धुतली ते विचारा, चेअरमन जर हसला तर समजून जा.

उजेडाचं पण बघा. पेठेत इमारती खेटून खेटून आहेत, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात दिवसासुद्धा ट्यूब लावावी लागते, आणि समोरच्यांच्या ओट्यावर आज कोणती भाजी आहे ते आपल्याला दिसतं, म्हणजे आपलं त्यांना दिसतं. काहींना याचा त्रास होतो, काहींची यातून मैत्री होते, मी दोन्ही बघितलंय.

आता गणपती. तुम्ही पुण्याच्याच आहात त्यामुळे कौतुक सांगत नाही. राहणाऱ्याच्या बाजूने सांगते. सुरुवात दहा दिवसांची नसते, त्याच्या दोन-अडीच महिने आधी ढोल पथकांचा सराव सुरू होतो, नदीपात्रात, रोज संध्याकाळी, नारायण आणि शनिवार पेठेच्या नदीकडच्या घरांत तो स्पष्ट येतो. (हो, वर मी तुम्हाला नदीकडचं घर बघा म्हणाले, त्याची ही किंमत.) मग मांडव पडतात, तुमची गल्ली अर्धी होते, रिक्षा आत येत नाही, गॅस सिलिंडरवाला कोपऱ्यावरून फोन करतो. दहा दिवस संध्याकाळी तुमच्या घरी पाहुणे असणार, कारण तुमचं घर "गणपती बघायला सोयीचं" असतं, आणि त्यातल्या निम्म्या लोकांचा फोन तुम्हाला एरवी वर्षभर येत नाही. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक या चार रस्त्यांवरून अलका चौकाकडे जाते, चोवीस तास तर ती हमखास ओलांडते, अलीकडे तीसच्या आसपास जाते. पहिले मानाचे पाच जातात तोवर ढोल, ताशे, रांगोळी, सगळं बघण्यासारखं आहे, अंगावर काटा येतो. रात्री डीजेच्या भिंती सुरू झाल्या की मग खिडकीच्या काचा थरथरतात, मांडणीतली भांडी सरकतात, छातीत धडधडतं, आणि हे मी रस्त्यावर उभी राहून नाही, दारं-खिडक्या बंद करून गादीवर पडून सांगतेय. सासूबाईंना बीपीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर त्या एका रात्रीसाठी त्यांना नातेवाइकांकडे पाठवायची सोय आधीच ठरवून ठेवा. आमच्या इमारतीतली म्हातारी माणसं आदल्या दिवशी बॅगा भरून मुलीकडे जातात, आता ती पद्धतच झाली आहे. स्वच्छतागृहासाठी अनोळखी बायका दार वाजवतात, लहान मूल कडेवर असतं, नाही म्हणवत नाही. तेवढे दिवस दोन बादल्या पाणी बाजूला भरून ठेवायची सवय लावून घ्या. मेट्रो त्या रात्री चालू असते, आता निदान बाहेर पडायला वाट तरी आहे.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस लक्ष्मी रोड आणि तुळशीबागेची गर्दी, ती तुम्ही ऑफिसमुळे बघतच असाल. महापालिका डिसेंबरात एक दिवस लक्ष्मी रोड गाड्यांना बंद करून पादचारी दिन करते, ११ डिसेंबर २०२१ ला पहिल्यांदा केला. त्या दिवशी रस्ता इतका रुंद दिसतो की आपलाच आहे का असं वाटतं. दुकानदार काही खूश नसतात.

आता कुठली पेठ. बुधवार, रविवार या व्यापाराच्या, तपकीर गल्ली, बोहरी आळी, हातगाड्या आणि टेम्पो दिवसभर, कुटुंबाला राहायला मी सहसा सुचवत नाही, अपवाद आहेत. शुक्रवार पेठ मंडईच्या जवळ गजबजलेली, आत गेलं की बरी. नवी पेठ शास्त्री रोडला लागून, विद्यार्थ्यांनी भरलेली, आणि वैकुंठ स्मशानभूमीच्या बाजूच्या इमारतींत धुराची तक्रार जुनी आहे. सदाशिव पेठ एवढी मोठी आहे की एक पेठ म्हणून बोलण्यात अर्थच नाही, पेरूगेटच्या भागात अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवर, म्हणजे एकेक खाट भाड्याने घेऊन राहणारी पोरं, टिळक रोडच्या बाजूला दवाखाने आणि ऑफिसं, आणि मधल्या आतल्या गल्ल्या अजूनही अशा की दुपारी चप्पल वाजलेली ऐकू येते. तुम्हाला सदाशिवच हवी असेल तर या मधल्या गल्ल्या. भाडं इथे थोडं फुगलेलं असतं कारण घरमालकाला माहीत असतं की तीच जागा सहा मुलांना कॉटवर दिली तर कुटुंबाच्या भाड्यापेक्षा जास्त सुटतात. म्हणून तुमच्या मजल्यावर, वर आणि खाली कोण राहतं ते विचारा. मुलं वाईट नसतात, बिचारी दिवसभर अभ्यास करतात, पण एका फ्लॅटमध्ये दहा जण असले की पाणी, ड्रेनेज आणि जिन्यातल्या चपला यावरून वाद ठरलेला.

नारायण आणि शनिवार पेठेत नदीजवळ घेताना पूररेषा बघा, विशेषतः विकत घेणार असाल तर. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा याच पेठा बुडाल्या होत्या, नदीजवळच्या बऱ्याच इमारती त्यानंतरच्या आहेत. भाड्याने असाल तर तळमजला टाळा, एवढं पुरे.

विकतचं पुढे कधी ठरवलंत तर आत्ताच दोन-तीन गोष्टी डोक्यात ठेवा. शनिवारवाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, त्याच्यापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. त्यामुळे त्या पट्ट्यातली जुनी इमारत "लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार" म्हणून कोणी महाग विकत असेल तर हसून उठा. दुसरं, वाडा पाडून छोट्या जागेवर सहा-आठ फ्लॅट बांधतात तेव्हा महारेरा नंबर (बांधकाम प्रकल्पाची सरकारी नोंदणी) बहुतेक वेळा नसतो, कारण जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असले तर नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे बिल्डर फसवतोय असं नाही, पण रेराचं जे संरक्षण तुम्ही बाणेरला गृहीत धरता ते इथे नाही, सगळं तुमच्या वकिलाच्या डोक्यावर. प्रॉपर्टी कार्डवर जुन्या मालकाच्या वारसांची बारा-पंधरा नावं असतात, त्यातला एक अमेरिकेत, एक वारलेला, एक रुसलेला. सगळ्यांच्या सह्या झाल्यात का, जुन्या भाडेकरूंना काय कबूल केलंय, भोगवटा पत्र (इमारत राहायला द्यायची महापालिकेची परवानगी) मिळालंय का, हे कागद हातात घेऊन बघितल्याशिवाय टोकनचा एक रुपया देऊ नका. खूप जुन्या इमारतीला बँक कर्ज देताना हात आखडता घेते, मुदत कमी देते, ते आधी विचारून घ्या. फ्लॅट फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो, सातचे सहा, जोडीने नवऱ्याचं नाव घातलं की सवलत गेली. आणि स्वतः राहायला लागलात की मिळकत करात ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरा.

पावसाळ्याआधी महापालिका दरवर्षी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तुम्ही बघताय त्या इमारतीला नसेल, पण शेजारच्या वाड्याला आहे का ते विचारा. भिंत पडली तर कोणाच्या बाजूला पडेल ते काही नोटिशीत लिहिलेलं नसतं. आणि शेजारचा वाडा पडायच्या ऐवजी पाडायला निघाला, तरी दोन वर्षं धूळ, ब्रेकर आणि काँक्रीट मिक्सर तुमच्या खिडकीखाली. भाड्याने घर घेताना ही एक चौकशी कोणीच करत नाही. समोरच्या किराणावाल्याला विचारा, बिल्डर कधी येऊन गेला, मोजणी झाली का, भाडेकरू सोडून जायला लागले का, त्याला सगळं माहीत असतं, मला विचारण्यापेक्षा तेच बरं.

पैशाचं एकूण गणित असं की भाडं बाणेरइतकंच किंवा थोडं इकडे-तिकडे जाईल, घर मात्र लहान आणि जुनं मिळेल. मेंटेनन्स कमी, कारण मेंटेन करायला काही नाहीच. पेट्रोल वाचेल, ॲपवरची डिलिव्हरी वाचेल, आणि तुमचा स्वतःचा रोजचा जाण्यायेण्याचा वेळ वाचेल. तो वेळ कुठे जातो तेही सांगते, तुळशीबागेत. ऑफिसमधून घरी चालत येताना रोज काहीतरी हातात येतंच, डबा, क्लिपा, पडद्याचं कापड.

करार करताना "अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला" असं घरमालक म्हणेल, पेठेत तर नक्की म्हणेल. ऐकू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा भाड्याचा करार, कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं, पोलीस व्हेरिफिकेशनसुद्धा करून टाका. करारात पार्किंगची जागा नंबरसकट लिहून घ्या, "पार्किंगसह" एवढंच लिहिलं तर वरच्या चारपैकी कुठलं ते घरमालक नंतर ठरवतो. पाहुण्यांची अट, नॉनव्हेजची अट, दारात चपलांचं कपाट ठेवायची अट, जे काय असेल ते सही करायच्या आधी बोलून घ्या, काही घरमालक करारात लिहीत नाहीत पण जिन्यात अडवून सांगतात.

आणि बाणेरचं घर एकदम सोडून इथे विकत वगैरे काही घेऊ नका, पहिली एक टर्म भाड्यानेच राहा. फक्त तारीख नीट धरा. बरेच लोक ऑक्टोबरात येतात, थंडीत खूश असतात, आंबे खातात, अकरा महिने संपतात तेव्हा गणपती कधी आधी गेलेला असतो तर कधी दारात असतो, आणि घर बघितलं न बघितल्यासारखं राहतं. तुम्ही मे-जूनमध्ये या, मुलीच्या शाळेलाही तेच बरं. म्हणजे ढोलांचा सराव, मांडव, मिरवणूक, दिवाळीची गर्दी, भिडे पुलावरचं पाणी, सगळं पहिल्या सहा महिन्यांत अंगावर येईल आणि उरलेले पाच महिने विचार करायला मिळतील. नारायण पेठेत फक्त पत्र्या मारुतीच्या आसपास बघू नका, तिथे दुकानांमुळे गाडी हलत नाही. तिथून आत, नदीकडे, पहिला किंवा दुसरा मजला, लिफ्ट असलेलं, बेडरूम मागच्या बाजूला असलेलं घर मिळालं आणि सासूबाई स्वतः जिना आणि गल्ली बघून हो म्हणाल्या, तर मिस्टरांना विचारायच्या आधी टोकन देऊन टाका.